एका जागेचा उन्हाळा

पेरणीच्या जरा आधी आमच्याकडे आणखी एक मोसम येतो. पंचांगात त्याची नोंद नसते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या जाहिराती झळकायला लागतात: पदाचं नाव, जागा, प्रवर्ग, पात्रता, अर्ज पोचण्याची शेवटची तारीख. नांदेडात झेरॉक्सची दुकानं सकाळी सातलाच उघडतात. पस्तिशी ओलांडलेली, डॉक्टरेट झालेली माणसं फुगलेल्या फायली छातीशी धरून रांगेत उभी राहतात आणि एकमेकांशी फार गोड बोलतात. कोण कुठल्या जागेला अर्ज करणार, एवढं मात्र कुणी कुणाला सांगत नाही.

या दिवसांत माझ्या घराची बेल सारखी वाजते. माझ्या निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत, विभाग माझ्याकडे आहे आणि अर्जांच्या छाननीत माझी सही असते. मॅडम, हा शोधनिबंध धरतील का? मॅडम, नेमणुकीचं पत्र हरवलंय, हजेरीपटाची नक्कल चालेल का? मी चहा देते, फाईल चाळते आणि हळूहळू माझं तोंड कडू होत जातं. मी मूळचीच तापट. आमच्या घरी म्हणायचे, सुजाताचा हात आधी चालतो, डोकं मागून येतं. ते हे कौतुकाने म्हणायचे आणि मीही बरीच वर्षं ते कौतुकानेच ऐकलं.

गेल्या वर्षी निवडयादी लागली तेव्हा मी खालच्या व्हरांड्यातच होते. इस्लापूरकडून आलेला एक जण यादी वाचत होता. चौदा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलेला माणूस, म्हणजे दर वर्षी नवी नेमणूक आणि दर उन्हाळ्यात घरी. त्याने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मग मूठ वळून फलकाच्या काचेवर मारली. काच पहिल्या ठोक्याला तडकली, दुसऱ्याला त्याचा हात मनगटापर्यंत आत गेला. ज्याचं नाव यादीत होतं तो बिचारा समजूत घालायला पुढे झाला, तर त्याच्या तोंडावर असा ठोसा बसला की दात फरशीवर पडला. पहारेकऱ्याने मागून कवळ घालून मारणाऱ्याला खाली पाडलं, दुसऱ्याने पाठीवर गुडघा दिला. बाकीचे उमेदवार हातात मोबाईल धरून थांबले होते, तो बाजूला झाला की यादीचा फोटो घेता येईल म्हणून. मला त्याची दया आली नाही आणि भीतीही वाटली नाही. मला तो राग ओळखीचा वाटला.

त्या रागाचा उन्हाळा मला पुरता आठवतो. भूकंपाला आठ-नऊ महिने झाले होते. औसा तालुक्यातल्या एका गावाबाहेर, गावाचं नाव लिहीत नाही, पत्र्याच्या शेडमध्ये आमचं भूकंपमापक यंत्र होतं. जुन्या गावाच्या जागी दगडमातीचे ढिगारे होते. ढिगाऱ्यांतून तुळया वर आल्या होत्या आणि कुठे परातीची कड दिसायची. वाचलेली माणसं आमच्यासारखीच पत्र्यात राहात होती. दुपारी पत्रा असा तापायचा की आतली लेकरं रडून रडून गप्प व्हायची. काळ्या रानाला दर उन्हाळ्यात भेगा पडतात, हे त्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. त्या वर्षी मात्र म्हातारी माणसंसुद्धा गुडघ्यावर बसून भेगेत काठी घालून बघायची, काल होती तेवढीच आहे की वाढली.

भूशास्त्राची पदवी घेऊन मी नायगावहून तिथे गेले होते. आमच्या वस्तीतली एम.एस्सी. झालेली पहिली पोरगी. वडील पाटबंधारे खात्यात होते. त्यांनी माझा निकाल बुद्धविहारात उभं राहून वाचून दाखवला होता. धक्के नोंदवायच्या त्या प्रकल्पात आम्ही दोघं सहायक होतो, मी आणि माणिक. माणिक तिथून दोन कोसांवरच्या गावचा. लातूरला शिकायला होता म्हणून वाचला. आई आणि धाकटी बहीण त्याने स्वतःच्या हातांनी ढिगाऱ्यातून काढली होती. उजव्या हाताची दोन नखं त्यात गेली, ती पुढे नीट आलीच नाहीत. मला तो सुजाताताई म्हणायचा, माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा असून.

काम सोपं होतं आणि जिवावरचंही. ढोलासारख्या लहान दंडगोलावर गुळगुळीत कागद गुंडाळायचा, खाली रॉकेलची भगभगती वात धरून तो काळा करायचा आणि त्या काजळीवर बारीक सुई टेकवायची. दंडगोल दिवसभर फिरायचा, सुई काळ्यावर पांढरी रेघ ओढत जायची. जमीन हलली की रेघ पिसाळायची. चोवीस तासांनी कागद उतरवायचा आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत बुडवून वाळवायचा, नाहीतर काजळी बोटाला येते आणि धक्का पुसून जातो. मग कोपऱ्यात तारीख, वेळ आणि उतरवणाऱ्याची सही. माणिकचा हात यात देवाने दिल्यासारखा होता. रेघेकडे नुसतं बघून तो सांगायचा, ही बैलगाडी, हा ट्रक, आणि ही जमीन.

प्रकल्पाचे प्रमुख, आमचे सर, आठवड्यातून एकदा जीपने यायचे. मे महिन्यात ते जाहिरातीचं कात्रण घेऊन आले. विद्यापीठात संशोधन सहायकाची एक जागा निघाली होती, पुढे तीच अधिव्याख्यात्याची होणार होती. जागा एक आणि आम्ही दोघं. सरांनी सरळ सांगितलं, ज्याच्या सहीचे चांगले कागद जास्त, त्याला मी अनुभवाचं प्रमाणपत्र तसं देईन. एखादा मोठा धक्का स्वच्छ उतरला तर समिती काही विचारणारसुद्धा नाही. त्या दिवसापासून मी धक्क्याची वाट पाहायला लागले. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. ज्या जमिनीने शेजारची गावंच्या गावं गिळली, ती पुन्हा हलावी आणि माझ्या पाळीला हलावी, असं मी रोज सकाळी कागद काळा करताना मनात म्हणायचे.

आणि ती हलली. दुपारचे तीन वाजले असतील. आधी ढग गडगडावेत तसा जमिनीखालून आवाज आला, मग पत्रे खडखडले, पाण्याचा माठ घरंगळून फुटला. बाहेर एकच कल्ला उठला, माणसं लेकरं काखोटीला मारून रानाकडे पळाली. मी पळाले नाही. सुई वेड्यासारखी नाचत होती आणि एकही रेघ दुसरीत मिसळत नव्हती. असा ठसा मी फक्त पुस्तकात पाहिला होता. मी टाळ्या वाजवल्या. हसले, आणि काळ्या हातांनी माणिकच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, मिळाला. माणिक खांबाला धरून उभा होता, त्याचे दात वाजत होते.

दारात एक बाई उभी होती. पळता पळता आडोशाला थांबलेली, कडेवर पोरगी. ती माझ्या काळ्या हातांकडे पाहात होती.

"चार लेकरं गाडली म्या," ती म्हणाली. "अन् तू टाळ्या वाजवायलीस?"

माझ्याकडे उत्तर होतं. विज्ञान म्हणजे काय, नोंद म्हणजे काय, हे मी तिला समजावून सांगायला लागले. ती माझं बोलणं संपायच्या आतच निघून गेली. आमच्या धंद्यातलीच माणसं अशी चूक करू शकतात. दुसरं कुणी भूकंपाला हसणार नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत गाव आलं. पुढे बाया होत्या. यंत्रच जमीन हलवतंय, यांना धक्के पाहिजेत, यांच्या नोकऱ्या त्यावर हायेत, असं ओरडत होत्या. त्यातली पहिली गोष्ट तेवढी मी खोटी ठरवू शकले असते. पत्रा कुऱ्हाडीने फाडला गेला. कुणीतरी पाट्याएवढा दगड दंडगोलावर घातला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. लाखेच्या डब्याला वात लागली आणि शेडच्या एका कोपऱ्यात जाळ उठला. माझे केस धरून मला ओढलं, एकीने तोंडावर चप्पल मारली. मी तेही सोसलं. यंत्र फुटलं तेही मी सोसलं, यंत्र सरकारचं होतं.

मग मला तो माणूस दिसला. पन्नाशीचा, डोक्याला पटका, दोन्ही हातांत आमच्या कागदांचा गठ्ठा. आठ महिन्यांचे कागद, कोपऱ्याकोपऱ्यात माझी सही. तो गठ्ठा छातीशी धरून दाराकडे चालला होता. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की माझी जागा हा माणूस घेऊन चालला. खडक फोडायचा हातोडा कमरेला असायचाच. मी तो उपसला आणि सगळा जोर लावून त्याच्या उजव्या खांद्यावर मारला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो ओरडला नाही. गुडघ्यावर बसला, गठ्ठा मात्र त्याने सोडला नाही. मी दुसऱ्यांदा हात उचलला होता. खरं तेच सांगते, दुसरा घाव मी त्याच्या डोक्यावर घालणार होते.

माणिकने माझं मनगट पिरगाळून हातोडा काढून घेतला. तेवढ्यात लोक वळले, आणि त्यांना दिसलं ते असं: खाली पडलेला माणूस आणि हातोडा माणिकच्या हातात. मग त्यांनी माणिकला मारलं. काठ्यांनी, दगडांनी, पायांनी. ओळखीच्या माणसांनी, ज्यांच्यासोबत त्याने प्रेतं उचलली होती. त्याची एक बरगडी मोडली, डावा कान कायमचा गेला. मी पत्र्याला पाठ लावून उभी होते. माझा तापट हात तेव्हा कुठे गेला होता, कोण जाणे.

सर दुपारी आले. पोलिसांत काही गेलं नाही. गाव आणि सर यांनी ते आपसात मिटवलं. सरांनी झाडाखाली आम्हाला दोघांना उभं करून विचारलं, हातोडा कुणी चालवला? माणिकच्या तोंडात रक्त साकळलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, मी. नंतर जीपमध्ये, सर पुढे असताना, तो माझ्या कानाशी हळू बोलला.

"ताई, तुमचं नाव आलं तर ते तुमच्यावर थांबणार न्हाई. तुमच्या नायगावच्या वस्तीपर्यंत जाईल. हवा ठीक न्हाई सध्या."

तो खरं बोलत होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षी हवा तशीच होती, आणि आमच्यातल्या एका पोरीने गावच्या माणसाचा खांदा मोडला, एवढं वाक्य घरं पेटवायला पुरलं असतं. हे कारण खरं होतं म्हणूनच ते मला फार सोयीचं पडलं. कारण मुलाखत आठ दिवसांवर होती, आणि मी गप्प राहिले ती वस्तीसाठी किती आणि जागेसाठी किती, हे मला तेव्हाही नक्की ठाऊक होतं. सरांनी माणिकला अनुभवाचं प्रमाणपत्र दिलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. मुलाखतीला मी एकटीच होते. जळता जळता वाचलेले कागद मी टेबलावर पसरले, त्या मोठ्या धक्क्याचा कागद सगळ्यांत वर. समितीने खरंच काही विचारलं नाही.

त्यानंतरचे मोसम एकामागून एक गेले. विष्णुपुरीच्या धरणात पाणी कधी भरलं, कधी आटलं. मी शिकवत राहिले, वर चढत राहिले. आणि जवळजवळ दर जाहिरातीला छाननीच्या टेबलावर माणिकचा अर्ज यायचा. सुरेख अक्षर, एम.एस्सी.ला माझ्यापेक्षा जास्त गुण, पुढे स्वतःच्या बळावर केलेली पीएच.डी. छाननी म्हणजे एका तक्त्यावर खुणा करणं: गुणपत्रिका आहे, जातीचा दाखला आहे, अनुभव प्रमाणपत्र आहे की नाही. नसेल तर शेवटच्या रकान्यात 'अपात्र' लिहायचं आणि बाजूला सही करायची. मी लिहिलं. पहिल्यांदा लिहिण्याआधी फाईल दोनदा चाळली. तिसऱ्यांदा चाळली नाही. चौथ्या वेळी त्या रकान्यात लिहिताना मी शेजारच्या प्राध्यापकांशी त्यांच्या लेकीच्या लग्नाविषयी बोलत होते. मग अर्ज यायचे थांबले, आणि मला किती मोकळं वाटलं हे सांगायची लाज वाटते.

काच फुटली त्या दिवशी घरी येऊन मी पत्र लिहिलं. हातोडा मी चालवला, माणिक निर्दोष आहे, त्याचं संशोधन माझ्यापेक्षा सरस होतं, खाली पद आणि सही. त्या पत्राचा आता त्याला काडीचा उपयोग नव्हता, आणि तसा तो उरू नये इतका उशीर मीच केला होता. तरी ते घेऊन मी लातूरला गेले; माणिक तिथे क्लास चालवतो, हे कानावर होतं.

लातूर आता ओळखू येत नाही. गल्लोगल्ली क्लास, वसतिगृहं, खानावळी, आणि चौकाचौकांत गुणांसकट टांगलेले पोरापोरींचे चेहरे. भूकंपात पडलं त्याहून कितीतरी जास्त इथे पुन्हा उभं राहिलं. माणिकच्या क्लासची इमारत चार मजली आहे. खाली आईबाप रांगेत होते, कुणी उदगीरचे, कुणी निलंग्याचे, कुणी थेट देगलूरचे. पुढचा बाप मुलीला हाताला धरून सांगत होता, सर मारतात, पण नंबर काढतात. त्याच्या आवाजात अभिमान होता.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. माणिक चाचणीचे पेपर वाटत होता. केस पांढरे, पाठ ताठ, बोलणाऱ्याकडे उजवा कान करायची सवय. एकेक मुलगा पुढे यायचा, माणिक चुकलेले प्रश्न मोजायचा आणि तेवढ्या लाकडी पट्ट्या तळहातावर मारायचा. हळू नाही. एकाने सहावीला हात मागे घेतला, तर त्याच्या कानाखाली अशी बसली की तो बाकावर आदळला. ओठ फुटला. वर्गात चाळीस जण होते, कुणी मान वर केली नाही. जो रेघ बघून बैलगाडी ओळखायचा, तो हाच माणूस, हे मला पटवून घ्यावं लागलं. आणि याला इथे कुणी पाठवलं, हे मला पटवून घ्यावं लागलं नाही.

त्याने मला खोलीत बसवलं, पाणी दिलं. मॅडम म्हणाला. मी पत्र पुढे केलं. त्याने ते उभ्यानेच वाचलं, घडी घातली आणि परत माझ्या हातात दिलं.

"हे मला कशाला? मला तर ठाऊकच हाय."

मी म्हटलं, तुझी जागा मी घेतली, तुझे अर्ज मी माझ्या हाताने बाद केले, निदान हे लेखी असावं. तो माझ्याकडे पाहू लागला. रागाने नाही. पोराचा पेपर तपासताना नेमकी चूक सापडावी तसा.

"तुमी अजून जागेचंच बोलायलात," तो म्हणाला. "त्या माणसाकडं गेलात का कधी?"

मी नाही म्हटलं.

"त्यांचा उजवा हात पुन्यांदा खांद्याच्या वर गेलाच न्हाई. औत सुटलं, मोट सुटली. त्या दिवशी ते मारायला नव्हते आले, मॅडम. जाळ लागला तवा कागद मीच त्यांच्या हातात दिले. म्हनलं, काका, एवढे बाहेर न्या, सुजाताताईची नोकरी हाय त्याच्यात."

पंखा फिरत होता. शेजारच्या वर्गात पुन्हा पट्टीचे आवाज सुरू झाले होते. दुसरे कुणी सर असावेत. मला रडू आलं नाही. मी पत्राची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"नाव ठाऊक हाय का त्यांचं?" त्याने विचारलं.

छाननीत मी हजारो नावं वाचली आहेत. आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं नाव गुणपत्रिकेशी जुळतं की नाही, हे मी डोळे मिटून सांगू शकते. त्या माणसाचं नाव मी तीस वर्षांत कुणालाही विचारलं नव्हतं. मी आता विचारलं, तर माणिकने मान हलवली.

"मी न्हाई सांगणार. जिवंत हायेत अजून. जा अन् त्यान्लाच विचारा."

तो वर्गावर गेला. मी रिक्षाने स्टँडवर आले. औशाची गाडी समोरच लागली होती, अर्धी रिकामी, कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता. मी तिच्यापाशी गेले, पायरीच्या दांड्याला हात लावला. मग मी नांदेडच्या गाडीत जाऊन बसले. त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी अजून गेलेली नाही.